हरताळाखाली

पंखा बंद ठेवलाय, पान उडू नये म्हणून.
नौपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर, मे महिन्यात
समोर केसोभट वैद्याची पोथी, शके सोळाशे बावीस,
बत्तीस पत्रे; एकोणिसावे उंदरांनी चाखलेले.

शेवटच्या पत्रावर तो सांगतो हे ज्ञान आले कुठून:
मला दिले महादेवभटांनी,
त्यांना पैठणच्या गुरूंनी, गुरूंना धन्वंतरीने
(मधली हजारेक वर्षे एका दंडात उरकलेली),
धन्वंतरीला इंद्राने, इंद्राला अश्विनीकुमारांनी,
त्यांना दक्षाने, दक्षाला ब्रह्मदेवाने.
ब्रह्मदेवाला कोणी, हे विचारायचे नसते.

समासात बारीक अक्षरात: फिरंगी पाद्रीस सांगितले.
पाद्रीने लिहून घेतले असणार, गलबतावर चढवले असणार,
आणि तिकडच्या पंडितांनी माग काढत काढत
ते एखाद्या ग्रीकाच्या दारात नेऊन सोडले असणार.
ज्याला त्याला आपापला म्हातारा सापडतो.

पण अकराव्या पत्रावर,
शिंगाळ्याचा काटा लागल्यास
मारांदीचा पाला ठेचून तापवून बांधावा, याच्या आधी
बोटभर पिवळा पट्टा.
हरताळ.
चुकले की फासायचा, वर पुन्हा लिहायचे.
वर काहीच लिहिलेले नाही.

तीनशे वर्षांत पिवळ्याचे पोपडे सुटले.
भिंग तिरके धरले, दिवा कुशीला घेतला:
चेंदणीची पोशी कोळीण हिणे दाखविले.

काल चेंदणीत गेले होते. सुकटवालीला विचारले,
मारांदीचे तुम्हाला कोणी शिकवले?
ती हसली. "कोन शिकवनार गो,
काटा लागला का आपसूक कलतं."
मग पाव किलो सुकट घ्यावीच लागली.

आता नोंदपत्रकात रकाना आहे: परंपरा.
पेन्सिल हातात आहे आणि मला आठवतोय
दप्तरखान्यातला शिपाई, तुकाराम घरत,
ज्याने पोथीवर नख न लावता
फुंकर कशी घालायची ते दाखवले होते,
आणि म्हणाला होता, पिवळं दिसलं की थांबा, ताई,
खाली कुणीतरी असतं.

माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात
सात प्राध्यापक आहेत, दोन संस्था,
आणि आईवडील.

हरताळ विकत आणावा लागत नाही.