पुठ्ठ्याचे दोन काटकोन

दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता
ग्रिम्स्बीतल्या मेथडिस्ट चर्चमागच्या हॉलमध्ये
टेबल टेनिसचं टेबल मिटून भिंतीला लावतात
आणि मॉरीन ओल्डरॉइड
पिशवीतून काढते पुठ्ठ्याचे दोन काटकोन,
हाताळून हाताळून कडा काळवंडलेले.

मी नेले होते बारा फोटो:
बंदर, बुरूज, बोटी, आभाळ.
आभाळ जरा जास्तच.
सगळं मावलं पाहिजे अशी माझी समजूत,
लग्नाच्या ग्रुप फोटोत
कडेचे काका कापले जाऊ नयेत, तशी.

तिनं एकेक उचलला, चष्मा कपाळावर सरकवून.
"छान" म्हणाली नाही.
"हे काढताना तू कुठे उभी होतीस?"
पार्किंगमध्ये, मी म्हटलं, गाडीपाशी. वारा होता.
"दिसतंय," ती म्हणाली,
"फोटोत गाडीची ऊब आलीये."

चाळीस वर्षं ती बंदरावरच्या शेडमध्ये
हॅडॉक कापायची, बर्फात बोटं बधिर.
म्हणते, मासा सगळाच मासा असतो गं,
पण ताटात काय जाणार
हे सुरीला आधी ठाऊक हवं.

मग पुठ्ठे सरकले.
आभाळ गेलं. बुरूज गेला.
जिच्यासाठी मी साडेचारला उठले होते
ती निळी बोट गेली.
उरला एक पोरगा, मला न दिसलेला,
बोटांवरचं व्हिनेगर चाटणारा.
"हा काढलास तू. तुला माहीत नव्हतं, इतकंच."

परतताना मी मनातल्या मनात तिच्याशी भांडले,
अस्सल सांगलीच्या मराठीत.
तिथे ती हरली.

मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते.
श्वास घ्या. रोखा. हलू नका. सोडा.
दिवसाला चाळीस वेळा तरी.
तिसऱ्या मंगळवारी मॉरीन म्हणाली,
"तुझ्या फोटोतली माणसं
सगळी श्वास रोखून का उभी आहेत?"
मी काहीच बोलले नाही.
युनिफॉर्म घरी ठेवला तरी
ते वाक्य माझ्या पुढे चालत जात असणार
आणि "सोडा" म्हणायचं राहून जात असणार.

मग नुसतं उभं राहायला शिकले.
मासळीच्या लिलावाबाहेर, पहाटे,
कॅमेरा गळ्यात, लेन्सला झाकण.
पहिल्या दिवशी कीथनं पोट आत घेतलं.
दुसऱ्या दिवशी हवेबद्दल बोलला.
पाचव्या दिवशी विसरला मला:
पोट बाहेर आलं, खांदे उतरले,
क्रेटवर पाण्याचा पाइप मारता मारता
तो दणकून शिंकला, आणि मी
हुकलेच. हललाय. रंगही हिरवट आलाय.

त्याच्यावर मॉरीननं पुठ्ठे ठेवलेच नाहीत.
नुसता धरून बसली,
तिचा चहा निवला.

एका फोटोवरून मात्र आमचं जमलं नाही.
बस स्टॉपवरची ग्लेनिस,
तिच्या डोक्यातून उगवलेला दिव्याचा खांब.
"एक पाऊल डावीकडे सरकायचं होतंस. खांब घालव."
बरोबर आहे.
आता तर मला ज्याच्या त्याच्या डोक्यातून
काही ना काही उगवलेलं दिसतं,
वॉर्डात, चर्चच्या पायरीवर, आरशातसुद्धा.
पण ग्लेनिस बावीस वर्षं
रात्रपाळीची झाडलोट उरकून
त्याच खांबाला पाठ टेकून उभी राहते.
खांब काढला तर ती पडेल.
हे मी इंग्रजीत म्हटलं, दोनदा अडखळून.

मॉरीननं काटकोन उचलले,
माझ्याकडे पाहिलं, मग खांबाकडे.
"तरी तिरका आहे," म्हणाली,
आणि पुठ्ठे पिशवीत टाकले.

आहेच तिरका.
खांब की माझा हात,
ते बघायला उद्या सकाळी सहाला
बस स्टॉपवर जायचं आहे.
ग्लेनिसला चहा न्यायचा आहे.