चौथं भोक

वडणग्याच्या गुऱ्हाळावरून
चरकाची बैठक आली टेम्पोतून,
बिडाची, एक कोपरा उडालेली.
चार बोल्टांपैकी तिघांचीच भोकं शिल्लक,
चौथं तुकड्यासकट चिपाडात हरवलेलं.
'सकाळी पाहिजे,' गुऱ्हाळवाला म्हणाला,
'ऊस तोडून ठेवलाय.'

उद्यमनगरात रात्री आठला
एकच शटर अर्धं उघडं, आमचं.
बाबा लेथवर.
माझी वही मार्किंग टेबलावर, कारण घरची लाईट गेलेली
आणि प्रिलिमला चार दिवस.

शिरोलीहून नवी ओतून आणायला वेळ नव्हता.
तुटक्या जागी पट्टी जोडून
भोक पाडायचं ठरलं. पण कुठं?
सरळ चौकोन असता तर गुण्या लावला असता.
'समांतरभुज आहे,' मी म्हटलं.
'कलंडलाय,' इलाही मिस्त्री म्हणाले.

टेबलाच्या कोपऱ्याला मी शून्य मानलं,
पट्टी लावली, इंचात.
अ (२, १). ब (७, ३). क (९, ८).
चौगले मॅडम शिंकेसारखं एका दमात सांगतात:
कर्ण एकमेकांना दुभागतात.
म्हणजे अ आणि क मिळवा, ब वजा करा.
दोन अधिक नऊ, वजा सात.
एक अधिक आठ, वजा तीन.
ड (४, ६). खाली दुहेरी रेघ.

मिस्त्रींनी वहीकडं बघितलंसुद्धा नाही.
खिशातून सुताचा दोरा काढला,
अ पासून क पर्यंत ताणला,
दुमडला, मधोमध खडू टेकवला.
मग ब वरून त्या खुणेपर्यंत,
आणि तेवढाच पुढं.
अंगठ्यानं जागा दाबून धरली.
त्या हाताला करंगळी नाही,
प्रेसमध्ये गेली, मी जन्मायच्या आधी.
मी पट्टी लावली: चार, सहा.
खडूच्या जाडीएवढा फरक.
'तुझं काय आलं?'
'हेच.'
'मग बरोबर असंल तुझं.'

पंच उचलला, आणि थांबले.
'पोरी, तिनावरनं चौथं एकच निघतंय व्हय?'

मी पान उलटलं, क्रम बदलला.
अ आणि ब, वजा क: शून्य, वजा चार.
ब आणि क, वजा अ: चौदा, दहा.
तिन्ही खरी. तिन्ही समांतरभुज.
चौदा-दहावर मिस्त्रींचा चहाचा ग्लास होता.
वजा चारवर टेबलच नव्हतं.

पुस्तकात हा घोळ नसतो,
तिथं अ ब क ड आधीच छापलेलं,
कोण कुणाच्या शेजारी बसणार ते ठरलेलं.
इथं कुणी ठरवायचं?

मिस्त्रींनी तुटक्या कडेवरून बोट फिरवलं,
खरखरीत, चंदेरी, ताजी कड.
'हिनं,' म्हणाले.
'जितं तुटलंय, तितंच हुतं.'

ठक्. पंच बसला.
ड्रिलखालून बिडाचा काळा भुगा
वहीच्या घडीत साचत गेला.
उरलेली दोन उत्तरं मी खोडली नाहीत.
एकावरचा ग्लास मिस्त्रींनी उचलला, गार चहा संपवला.
दुसरं कडेबाहेर चार इंचांवर, हवेत,
आणि त्याच्या बरोबर खाली, फरशीवर,
कारखान्याचं मांजर, गाढ झोपलेलं.