सुलट बाजू

दर मंगळवारी, अकरा वाजता,
पाबियानित्सेच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर
चित्रं बघायला शिकवतात.
फी नाही. अट एकच: साठी उलटलेली हवी.
खरं सांगायचं तर मी गेलो हीटरसाठी.
माझ्या घरचा जानेवारीत मान टाकतो.

आम्ही सगळे कोट मांडीवर घेऊन,
दवाखान्यात नंबराची वाट बघावी तसे.
झेनोबियुश श्रवणयंत्र घरी विसरतो
आणि सगळ्यांत जास्त वह्या तोच भरतो.

शिकवणारा तीमोन, सत्तावीस-अठ्ठावीसचा पोरगा,
मफलर आतसुद्धा काढत नाही.
पहिल्याच दिवशी म्हणाला,
एका चित्रापुढं दहा मिनिटं बसा. बोलायचं नाही.
दहा मिनिटं!
अडतीस वर्षं मी ट्राम चालवली.
डोळ्यांत तेल घालून बघितलं, पण फक्त समोर:
रूळ, सिग्नल, रुळांत येणारी माणसं.
डावी-उजवीकडचं शहर
माझ्या पाठीमागं बसलेल्यांनी बघितलं.
त्या दहा मिनिटांत मी एवढंच शोधत राहिलो
की चित्रात कुणी रूळ ओलांडतंय का.

परवा पडद्यावर एक टेबल आलं.
चित्रकाराचं नाव कुणालाच ठाऊक नाही म्हणे.
अर्धं सोललेलं लिंबू, साल खाली लोंबतेय,
सुरी कडेला, आत्ता पडेल अशी,
आणि या सगळ्याखाली पांढरं कापड.
तीमोन रंगात आला.
लिंबू म्हणजे काळ, म्हणाला, सुरी म्हणजे मरण,
आणि मग समोर नीट बघितलं त्यानं,
आमच्या काठ्या, आमच्या गोळ्यांच्या डब्या,
आणि त्याचे कान लाल झाले.

तेवढ्यात लेओकाद्याबाईंनी हात वर केला.
गिरणीत एकतीस वर्षं.
दोन बोटं अर्धीच उरलीत, तोच हात.
म्हणाल्या, "कापड उलटं अंथरलंय."

कुणी हसलं नाही.
"काठ बघा. दुमड वर आलीय, टाके वर.
चुकून नाही झालेलं. त्या दिवशी पाहुणे नसणार.
सुलट बाजू रविवारसाठी राखली असेल बाईनं."

तीमोन पडद्याजवळ गेला, इतका जवळ
की लिंबू त्याच्या कपाळावर आलं.
बराच वेळ तसाच उभा.
मग म्हणाला, "मी यावर प्रबंध लिहिलाय.
पोत या शब्दावरच बारा पानं आहेत."
आणि खाली बसला, आमच्यातल्याच एका खुर्चीवर.

मग मरणाचं कुणी काढलं नाही.
चित्रात नसलेल्या त्या बाईबद्दलच बोलत राहिलो.
गेनोवेफा म्हणाली, मी असते तर
आधी चित्रकाराला झापलं असतं, लिंबू वाळवलं म्हणून.
झेनोबियुशनं विचारलं, कोण बाई?
आणि वहीत लिहून घेतलं.

घरी आलो. दिवा लावला.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर
स्तेफान्यानं अंथरलेलं कापड तसंच आहे,
तिला जाऊन सहा वर्षं झाली तरी.
विटलंय हे, नवीन घे, मी म्हणायचो.
घेते, ती म्हणायची. आणि घ्यायची नाही.
मीठदाणी उचलली. चष्म्याचं घर उचललं.
कोपरा धरून उलटला.

खाली निळी फुलं.
निळी म्हणजे अशी, की कुणी घडीच मोडली नसावी.

कुठल्या रविवारसाठी राखली होती, काय माहीत.
आमच्याकडं पाहुणे तसे कमीच.
आणि मी तर कायम घरातलाच.

कोपरा होता तसा खाली सोडला.
मीठदाणी जागेवर ठेवली.
बसलो समोर.
घड्याळ नाही बघितलं, पण दहा मिनिटं नक्की झाली असतील,
कारण मग गारठा जाणवला,
आणि लक्षात आलं, हीटर लावायचाच राहिलाय.