धुराचं झाकण

साडेसहा. गच्चीवर पारा तेरा.
नदीपल्याड वडणग्यात गुऱ्हाळ पेटलंय,
धूर सरळ वर चढतो
आणि एका उंचीवर
कुणी हात आडवा धरल्यासारखा पसरतो.
वर ऊब, खाली गारठा.
हवेनं झाकण घातलंय, एवढंच;
नऊपर्यंत निघेल.

खालून दौलू गवळी,
गंगावेशीच्या कट्ट्याकडे म्हशी हाकत:
"काय मास्तर, पाऊस हाय काय?"
"न्हाई."
"मग बघतायसा काय?"

सांगणार होतो.
तोवर शेवटची म्हैस वळणावर,
तिच्या पाठीवरून वाफ निघत होती,
थोडी, तिरकी,
आणि गुळाचा वास, झाकणाखालून, पार पेठेत.

वहीत लिहिलं: ढग शून्य. वारा नाही.
दवबिंदू अकरा.
वाफेला रकाना नाही.
समासात एक म्हैस काढली. वाईट आली.