सात नंबरची रेघ

कारूच्या माळावर जूनमध्ये, रात्री दोन वाजता
लोखंडाला उघडा हात लावायचा नसतो.
मी मफलर गुंडाळून पेटी उघडली.
उनाथीने आठवडाभर शिकवलं होतं:
हे बटण, हा तारा,
हे घड्याळ उपग्रहाकडून वेळ घेतं,
पडद्यावर लाल कागद, म्हणजे डोळ्यांचा अंधार मोडत नाही.
मी वसतिगृहात दीडशे पोरांचं रांधते.
त्यापुढे बटण काय.

ताऱ्याला नाव नव्हतं, लांबलचक नंबर होता,
मेंढराच्या कानातल्या बिल्ल्यासारखा.
आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप
तो तर दिसणारच नव्हता,
नेपच्यूनच्याही पल्याडचा बर्फाचा गोळा.
तो ताऱ्याच्या आड येईल, तारा विझेल,
कुणाकडे नऊ सेकंद, कुणाकडे तीन,
आणि तेवढ्या अंधारावरून
त्याच्या अंगाचं माप घ्यायचं.

माझा बाप घोंगडं पांघरून डब्यावर बसला होता.
त्याने विचारलं, सावली केवढी पडते त्याची?
तो जेवढा, तेवढीच, मी म्हटलं.
तारा इतका लांब की किरणं सरळ येतात,
सावली ताणत नाही.
त्याला पटेना.
साठ वर्षं दुसऱ्याची मेंढरं राखली त्याने,
रोज संध्याकाळी स्वतःची सावली
कुंपण ओलांडून मालकाच्या जमिनीवर जाताना पाहिली.
खरी तेवढीच असणारी सावली?
तो बराच वेळ गप्प होता.

दोन एकेचाळीस.
मालकाने घरातले दिवे घालवले होते, अंगणातलासुद्धा.
पवनचक्की कुरकुरत होती.
मी तारा पाहत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
तो तिथेच.
दोन बेचाळीस.
तिथेच.
दोन त्रेचाळीस, आणि एव्हाना
सेकंदाला बावीस किलोमीटर धावणारी ती सावली
आफ्रिका सोडून समुद्रावर गेली असणार.

वायरलेसवर एकेक आवाज येऊ लागले.
एक नंबर: ढग.
दोन: साडेसात सेकंद. त्यांच्यामागे कुणीतरी ओरडत होतं.
तीन: आठ पूर्णांक नऊ.
चार: आठ पूर्णांक चार, कुत्रा तिपाईला धडकला, पण आठ पूर्णांक चार.
पाच: बॅटरी गेली. (एक शिवी.)
सहा: तीन पूर्णांक सात.
सात?
मी म्हटलं, काही नाही.
माझ्याकडे विझलाच नाही. माफ करा.

पलीकडे नुसती खरखर.
बाप म्हणाला, माफी कशाची मागतेस?
कोकरू हरवलं की आम्ही घळीघळीतून हिंडायचो.
ज्या घळीत नाही सापडलं
ती घळही शोधलेलीच असायची ना?
उद्या तिथे कुणाला पाठवायचं नसायचं.

सकाळी उनाथी आली, धुळीने पांढरी,
दोनशे किलोमीटर कच्चा रस्ता तुडवून.
स्वयंपाकघरातल्या पिठाच्या पिशवीवर तिने रेघा मारल्या,
एकीखाली एक.
प्रत्येक रेघ मध्ये तुटलेली,
तुटलेल्या जागा जोडल्या की एक लांबट गोल,
किंचित चपटा, बटाट्यासारखा.
माझी रेघ सगळ्यात खाली. अखंड.
ही नसती, ती म्हणाली, तर तो खाली कुठवर आहे
हे कशावरून कळलं असतं?
सहापर्यंत आहे. सातला नाही.
तुझ्यापासून बावीसेक किलोमीटरवर संपतो तो.

बावीस किलोमीटर. म्हणजे क्लासेनच्या फाटकापाशी,
जिथे दुधाची गाडी वळते.

बापाने गोलावर बोट ठेवलं, पीठ लागलं बोटाला.
नाव काय ठेवणार?
अजून नाही ठेवलं.
नका ठेवू, तो म्हणाला, घाई करू नका.
कोकराला नाव दिलं की पुढे सगळं अवघड होतं.

पिशवी उनाथी घेऊन जायला निघाली,
मी दिली नाही.
तिने मोबाइलवर फोटो काढला.
आत तीन किलो पीठ होतं अजून,
आणि साडेसहाला पोरं उठतात.