चालू आहे का?

शोरूमचा पोरगा, छातीवर प्रज्वल अशी पाटी,
कॉन्टेसाभोवती मोबाईल धरून दोनदा फिरला.
बोटानं पत्रा वाजवला
कलिंगड घेताना वाजवतात तसा.
मग म्हणाला, काका, भंगाराचा रेट, वर एक्स्चेंज बोनस.
मी म्हटलं, बोनस आम्ही दिवाळीला कामगारांना देतो,
गाडीला पहिल्यांदाच ऐकतोय.
तो हसला नाही. होटगी रोडवर बेचाळीस डिग्री होतं,
त्याचंही काय चुकलं.

गिरणीतल्या एका साहेबाची होती, ब्याण्णवचं मॉडेल.
विजापूर वेशीत इलाही मिस्त्रीनं तिचं बॉनेट उघडलं
ते महिन्यानं मिटलं, दुसरंच काळीज घालून.
कुठलं इंजिन ते विचारू नका, म्हणाला.
मी विचारलं नाही.
आरटीओनं विचारलं, तो वेगळा विषय.

अशोक चौकात चावी फिरवली की
टपरीतल्या बरण्यांची झाकणं वाजायची.
पंपावरचा हणमंतू लांबूनच टोपी सरळ करायचा.
लिटरला पाच. उतार असला तर सहा.
तुळजापूरच्या घाटात ट्रकवाले आपणहून बाजू द्यायचे
आणि वळणावर तिचं मागचं अंग
माजलेल्या बैलासारखं डुलत यायचं, उशिरानं,
आलं तर आलं.

चोवीस माग माझे. तीस वर्षं टॉवेल काढले
आणि कान दिले. डावा बराचसा, उजवा थोडा.
म्हणून असेल,
ती मला कानानं नाही, बरगड्यांनी ऐकू यायची.

नवी श्रावंतीनं निवडली. लाल, हायब्रिड,
शेंगेएवढी, कमरेत बारीक.
मागं दोन सीट आहेत म्हणे,
बसणाऱ्याचे पाय कुठं ठेवायचे ते पुस्तकात नाही.
बटण दाबलं. काहीच नाही.
पुन्हा दाबलं.
अप्पा, चालू होती. तुम्ही बंद केली.

आठवडाभर हेच.
सात रस्त्याला सिग्नल पडला की मेल्यासारखी गप्प,
आणि मी डॅशबोर्डवर तळहात ठेवून बघतो
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
चालू आहे का?

स्पोर्ट म्हणून एक बटण आहे.
रविवारी पहाटे, विजापूर रोड,
कंबर तलाव मागं टाकला आणि दाबलं.
मागावर धोटा सुटतो ना, तशी गेली.
आधी वय विसरलो, मग ब्रेक आठवला.

शेजारी राजमणी. ओरडली नाही.
ती बोलत होती.
जाऊबाईंचं पोट, गॅसचा नंबर,
अर्धं तेलुगू, अर्धं सोलापूरचं,
एकाला एक गाठ मारत, न थांबता,
आणि मला कळलं, हे आजचं नाही.
सव्वीस वर्षं ही बाजूच्या सीटवर बोलत आली
आणि मी गिअर बदलत औनु औनु म्हणत आलो.

ते तर तुला तेव्हाच म्हटलं होतं,
मोहोळजवळ पंक्चर झाली त्या रात्री.

काय म्हटलं होतंस?

तिनं काच बोटभर खाली केली.
तू हो म्हणालास की.

टाकळीपर्यंत विचारत राहिलो.
ज्वारीची रानं कापून झाली होती, धसकटं तेवढी उभी.
राहू दे आता, म्हणाली,
आणि डबा उघडून कडक भाकरीचा तुकडा मोडला.
तोही ऐकू आला.

काल फोन. अकलूजचा कुणी पोरगा,
कॉन्टेसा शेवटी त्याच्याकडं गेली.
काका, सकाळी उठतच नाही ही.
म्हटलं, चोक अर्धा ओढ. अर्धाच.
दोनदा पाय मार, पाच मोज,
शिवी दिलीस तरी चालेल, घाई करू नको.
फोन त्यानं तसाच सीटवर ठेवला असावा.
मी उजव्या कानाला घट्ट लावून उभा,
किर्र. किर्र. गप्प.
परत किर्र,
स्वयंपाकघरातून राजमणी काहीतरी विचारत होती.

औनु, म्हटलं.