ढेप

सरकीच्या पोत्यात यंदा वाळू निघाली.
बादलीच्या तळाशी बसली, बोरीच्या पात्रातली,
ओळखीची रेती,
आणि वर तरंगत राहिली कसलीशी टरफलं.
काजळीनं ते सगळं मुकाट्यानं खाल्लं
आणि दूध दिलं
हिलालच्या मशीनवर पाच पॉइंट एक.
हिलाल काही बोलला नाही. पावती फाडली.
त्याच्या न बोलण्याचेही पैसे कापले जातात.

निकुंभ मॅडम रेतनाला आल्या होत्या.
कोपरापर्यंतचा हातमोजा उलटा काढत म्हणाल्या,
सरकीवरच का अडून बसलात?
करडई आहे, जवस आहे, तीळ आहे.
तेल निघून गेलं तरी बळ मागे राहतं.
मी म्हटलं, कुठे राहतं?
ढेपेत, त्या म्हणाल्या,
आणि साबण मागितला.

सुपडू चौधरीच्या घाण्याला आता बैल नाही.
मोटर आहे, कुरकुरते मात्र बैलासारखीच.
तेल बाटलीत जातं, बाटलीवर सोनेरी चिठ्ठी,
चिठ्ठीवर घाण्याचं चित्र,
चित्रात बैल.
पुण्याला जातं म्हणे. तिथं चमच्यानं मोजून खातात.
मागे उरतं ते पत्र्याच्या आडोशाला
मुंग्यांच्या स्वाधीन.
'लई जाय, बहिन,' सुपडू म्हणाला,
'पडेलच शे आठे. मन्हं काय जास?'

मी आधी स्वतः चाखली.
करडईची कडसर, टरफलासकट, दातात अडकणारी.
जवसाची भिजवली की चिकट, शेंबडासारखी.
मॅडमनं बजावलेलं, जवसाला उकळी द्या, कच्ची घालू नका.
चुलीवर पातेलं चढवलं तशी
इमलबाई दारातून ओरडली,
'कोन बाळंतीन शे व घरमा?'

काजळीनं वास घेतला,
नाकपुड्या फुलवल्या, जोरात फुंकर मारली
आणि मान अशी वळवली,
जशी मानाची साडी पसंत न पडलेली विहीण.

मूठभर सरकीत लपवून घातली.
सरकी गेली, मूठ तशीच.
गुळाचं पाणी शिंपडलं. गूळ चाटला.
एक दिवस मी तिच्याशी बोललेच नाही.
मग केव्हातरी,
तारीख नाही सांगता यायची, लाईट नव्हती त्या रात्री,
गोठ्यातून आवाज आला:
जिभेनं घमेलं घासल्याचा.
मी अंथरुणात उठून बसले, कंदील न लावता ऐकत राहिले.

आधी दूध अर्धा लिटर घटलं.
हे मी लपवत नाही,
इमलबाईनं गल्लीभर सांगितलंच आहे.
मग सावरलं.
लोणी मऊ येऊ लागलं, भर थंडीतही गोळा धरेना.
आणि परवा मशीनवर लाल आकडे,
सहा पॉइंट चार.
हिलाल पुन्हा काही बोलला नाही,
पण पावती फाडताना एकदा वर पाहिलं.

माणूस खचला की आपण म्हणतो, ढेपाळला.
हा शब्द ज्यानं काढला
त्यानं घाण्याखाली कधी हात घातला नसणार.
करडईच्या फुलाला काटे, म्हणून कोणी माळत नाही.
बी पिळतात. तेलाला नाव मिळतं, चिठ्ठी मिळते.
उरतं ते गप्प, घट्ट,
कुऱ्हाडीच्या तुंब्यानं फोडावं लागतं
इतकं घट्ट.

काल गेले तर आडोशाला कुलूप.
पत्र्यावर खडूनं लिहिलेलं: बावीस.
'आते फुकट नई, बहिन,' सुपडू पायाकडे बघत म्हणाला,
'इमलबाई भी लई गई सकाळे.'
मी वीस म्हटलं. तो एकवीसवर आला.
तागडीचं पारडं त्यानं जरा झुकू दिलं,
मी पाहिलं, त्यानं पाहिलं मी पाहिलं ते.

पिशवी कडेवर घेतली.
घाण्यातून नुकतीच निघालेली,
अजून कोमट होती.